एक इंचाला थोडं कमी

“दिसलं काका,” असं म्हणून ती पटकन बाजूला झाली, आणि त्या ‘दिसलं’नं मला त्या रात्री झोप लागू दिली नाही. सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेचे दिवस होते. होम मैदानावरच्या उंच पाळण्यांचे दिवे आमच्या गच्चीवरून दिसत होते, लाउडस्पीकरचा आवाज वाऱ्याबरोबर यायचा आणि विरून जायचा. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांची मुलगी, सातवीतली, अक्कलकोटच्या आजोळहून एक जुनी दुर्बीण घेऊन आली होती. आजोबांच्या माळ्यावर कित्येक वर्षं पडून असलेली. पांढरी लांब नळी, पुढे ६० मिलिमीटरचं भिंग, खाली लटपटणारा ॲल्युमिनियमचा स्टँड आणि खोक्यावर मोठ्या लाल अक्षरांत ‘५२५ पट’. गुरू पूर्वेला छान वर आला होता. दुर्बिणीला धक्का लागू नये म्हणून तिनं दोन्ही हात पाठीमागे बांधले, श्वास रोखून डोळा लावला, क्षण-दोन क्षण थांबली आणि म्हणाली, दिसलं. त्या आवाजात आनंद नव्हता. मोठ्या माणसाचं मन राखायचं म्हणून मुलं जसं बोलतात, तसं ते होतं.

ती खाली जेवायला गेल्यावर मी डोळा लावला. आधी काहीच दिसेना, नुसता काळोख आणि त्यात माझ्याच पापण्या. आयपीसचं, म्हणजे डोळा लावायच्या टोकाच्या नळीचं, भिंग साबुदाण्याएवढं, आणि डोळा त्याला अक्षरशः चिकटवावा लागत होता. चष्मा काढला, पापण्या काचेवर घासल्या, मग कुठून तरी एक राखाडी गोळा आत सरकला. कडेला जांभळट झाक, मध्ये काही नाही. पट्टे नाहीत, चंद्र नाहीत, कडेसुद्धा धड नाही. त्या गोळ्यावरून बारीक धागे तरंगत गेले, ते आकाशातले नव्हते, माझ्याच डोळ्यातले होते. फोकस थोडा इकडे फिरवला की गोळा फुगायचा, तिकडे फिरवला तरी फुगायचा, आणि मधली नेमकी जागा सापडेपर्यंत गुरू चौकटीतून बाहेर गेलेला असायचा.

या मुलीनं तेवढ्यात नेमकं काय पाहिलं असेल?

आयपीसच्या कडेला ‘एसआर ४ मिमी’ असं कोरलेलं होतं. एसआर म्हणजे रॅम्सडेन नावाची भिंगांची एक साधी जुळणी. नळीचं नाभीय अंतर, म्हणजे पुढच्या भिंगापासून चित्र जमतं तिथपर्यंतचं अंतर, ७०० मिलिमीटर, त्याला ४ नं भागलं की १७५ पट. सोबतच्या तीन पटीच्या बार्लोनं, म्हणजे चित्र तिप्पट करणाऱ्या जोडभिंगानं, तेच ५२५. गुणाकार बरोबर आहे, पण त्याचा आकाशाशी काही संबंध नाही. चांगल्या भिंगाची चांगल्या हवेतली मर्यादा साधारणपणे व्यासाच्या मिलिमीटरमागे दोन पट धरतात. म्हणजे साठाला एकशेवीस. त्यापुढे चित्र मोठं होतं, पण त्यात नवं काही येत नाही. आहे तोच उजेड जास्त जागेत पसरत जातो. १७५ पटीला आयपीसमधून बाहेर येणारा उजेडाचा झोत जेमतेम ०.३४ मिलिमीटर जाडीचा उरतो. इतक्या बारीक झोतात आपल्या डोळ्यातली एरवी न जाणवणारी जाळीजळमटं दिसायला लागतात. त्यात अशा आयपीसमधून दिसणारं आकाश फार तर अंशाच्या सहाव्या भागाएवढं, म्हणजे दहा कला (साठ कलांचा एक अंश). पृथ्वी फिरते तसं आकाश मिनिटाला पंधरा कला सरकतं. गुरू मध्यावर आणून ठेवला तरी वीस सेकंदांत तो कडेबाहेर. सातवीतल्या मुलीनं तेवढ्यात वाकायचं, डोळा लावायचा, फोकस करायचा आणि ग्रह बघायचा! किल्लीच्या भोकातून गड्डा बघायला सांगितल्यासारखंच झालं की हे. आणि गॅलिलिओनं १६१० च्या जानेवारीत गुरूचे चार चंद्र पाहिले ते वीसेक पटीच्या दुर्बिणीतून.

मला राग येतो तो इथे. खोक्यावर तो आकडा छापणाऱ्यांना हे सगळं ठाऊक असतं. पुढचं भिंग बऱ्याचदा चांगलं असतं. या दुर्बिणीचंही होतं. मी टॉर्च धरून पाहिलं, काच स्वच्छ, बुरशी नाही, ओरखडा नाही. दुर्बिणीतली सगळ्यात अवघड वस्तू त्यांनी नीट केली आणि शेवटच्या दीड इंचात हात आखडता घेतला. आपल्याकडे दुर्बीण म्हटलं की सगळे पुढच्या भिंगाचं विचारतात, किती इंची आहे, किती लांबचं दिसतं. डोळा जिथे लावायचा त्या टोकाचं कुणी विचारत नाही. पण पुढच्या भिंगानं गोळा केलेला सगळा उजेड त्या चिमुकल्या नळीतून जातो. ती नळी सैल असेल, तिरकी असेल, आतून चकाकत असेल, तर पुढे साठ काय आणि सहाशे काय, वाया. आयपीस ही दुर्बिणीची ‘ॲक्सेसरी’ नव्हे. माझ्या लेखी ती अर्धी दुर्बीण आहे.

दुसरा आयपीस खोक्यातल्या थर्माकोलच्या खाचेत होता, ‘एच २० मिमी’. तो लावला आणि चित्र एकदम शांत झालं. ३५ पट. गुरू लहानसा पण गोल, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना ओळीत चार चांदण्या. नीट बघत राहिलं तर मध्ये एक पट्टा असल्याचा भास. हा ‘एच’ म्हणजे हायगेन्स. ख्रिस्तियान हायगेन्स, ज्यानं १६५९ साली शनीभोवती पातळ, सपाट कडं असल्याचं मांडलं, त्याचीच ही दोन भिंगांची जुळणी. हौशी मंडळी या आयपीसला सरसकट नावं ठेवतात. मला ते पटत नाही. त्याच्या काळी दुर्बिणी अवाढव्य लांबीच्या होत्या, आणि लांब दुर्बिणीत ही जुळणी आजही निमूटपणे काम करते. कडेला रंग फुटू न देण्याचा गुण तिच्यात आहे. आखूड नळीच्या, रुंद तोंडाच्या न्यूटनी, म्हणजे आरशाच्या, दुर्बिणीत तीच लावा, चांदण्या फिसकटतात. या पांढऱ्या नळीचं नाभीय अंतर व्यासाच्या पावणेबारा पट, म्हणजे ती पुरेशी लांब. तिला हायगेन्स चालत होता, एसआर चालत नव्हता. दोष कुठे आहे ते असं एकेक बाजूला काढत पाहावं लागतं.

मग मी नळीचं तोंड मोजलं. व्हर्निअर लावलं, २४.५ मिलिमीटर. जुन्या जपानी मापाचं, इंचात ०.९६५, एक इंचाला थोडं कमी. आज जगभर चालतं ते सव्वा इंची, ३१.७५ मिलिमीटर, आणि त्याच्यावर दोन इंची. हे धाकटं माप आता जवळपास गेलंच. एक काळ असा होता की लहान दुर्बीण म्हणजे हेच माप. भारतातल्या किती माळ्यांवर, किती शाळांच्या प्रयोगशाळांतल्या कपाटांत या मापाच्या दुर्बिणी पडून असतील! त्यातल्या बहुतेकींतून कुणीतरी एकदा डोळा लावला असेल, ‘दिसलं’ म्हटलं असेल आणि झाकण लावून ठेवलं असेल. माप छोटं म्हणून चित्र वाईट, असा एक समज आहे. भोकाचा यात फारसा दोष नाही. येनाच्या त्साइस कारखान्यात याच २४.५ मिलिमीटरच्या नळीत ऑर्थोस्कोपिक, म्हणजे धारदार चित्र देणाऱ्या जुळणीचे, आयपीस बनत, आणि ग्रह बघणारे जुने जाणते लोक आजही ते जपून वापरतात. भोकात काय खुपसलं, त्यावर सगळं होतं.

हे मला कळलं ते पुण्यात. कॉलेजच्या दिवसांत ज्योतिर्विद्या परिसंस्थेच्या मंडळींबरोबर एकदा आकाशदर्शनाला गेलो होतो. तोवर माझं आकाश सोलापूरच्या गच्चीवरचं. उन्हाळ्यात सगळं घर वर झोपायला जायचं, पाणी मारून स्लॅब थंड केली तरी मध्यरात्रीपर्यंत सतरंजीतून ऊब येत राहायची, पूर्व भागातल्या मागांची खडखड रात्रपाळीभर चालायची. लोडशेडिंगला दिवे गेले की मागही एकदम थांबायचे, आणि त्या अचानक आलेल्या शांततेत वृश्चिक सगळाच्या सगळा डोक्यावर उतरल्यासारखा वाटायचा. शेजारच्या काकांकडे अशीच एक साठ मिलिमीटरची होती. तिच्यातून शनी म्हणजे लांबट डाग. कडं त्यात आपण कल्पनेनं भरायचं. पुण्यात एका ज्येष्ठ गृहस्थांनी त्यांच्या तसल्याच लहान दुर्बिणीत ऑर्थोस्कोपिक लावला आणि म्हणाले, “बघा, घाई करू नका.” कडं वेगळं दिसत होतं. ग्रह आणि कडं यांच्या मधली काळी फट दिसत होती. कडेला धार होती! मी इतका वेळ डोळा लावून बसलो की मागच्या रांगेतले कुरकुरायला लागले. परतीच्या इंद्रायणीत खिडकीशी बसलो तेव्हा आनंद होताच, पण त्याच्या तळाशी काहीतरी टोचत होतं. काकांच्या गच्चीवर आम्ही इतकी पोरं रांगेनं उभी राहायचो, आणि सगळ्यांनी एक डाग पाहून तोच शनी मानला होता. ती पोरं आता कुठे कुठे आहेत. त्यांच्यातल्या कुणाला पुढे कधी खरा शनी दिसला असेल का, हे मला अजून वाटत राहतं.

म्हणून या मुलीच्या ‘दिसलं’नं झोप उडाली.

माझ्याकडे सव्वा इंची १२.५ मिलिमीटरचा प्लोसल होता. गेओर्ग प्लोसल या व्हिएन्नाच्या भिंगवाल्यानं १८६० साली काढलेली ही चार भिंगांची जुळणी, दोन-दोन चिकटवलेली. ७०० ला साडेबारानं भागलं की ५६ पट, आणि आकाश जवळजवळ एक अंशाचं, म्हणजे गुरू मध्यावर आणला की कडेला जाईपर्यंत पावणेदोन मिनिटं हातात. गुरू पृथ्वीला सर्वांत जवळ असतो त्या सुमारास ५६ पटीला त्याची थाळी नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या पौर्णिमेच्या चंद्राहून मोठी दिसते. पण सव्वा इंची नळी एक इंचाहून कमी भोकात जाणार कशी? तयार ॲडॅप्टर मिळतात, मागवायला हरकत नव्हती. पण मला ते काम डोळ्यांसमोर झालेलं हवं होतं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत ओळखीचे एक लेथवाले आहेत. मागाचे सुट्टे भाग बनवतात: बुश, पिनियन, शाफ्टची टोकं. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, कामगाराशी दोन्ही. सगळे त्यांना अण्णा म्हणतात.

अण्णांनी आयपीस हातात घेतला, बोटाच्या पेरानं नळीवरून फिरवला, उजेडाकडे धरून आतून पाहिलं. मग दुर्बिणीचं तोंड पाहिलं आणि त्यातला बारका स्क्रू नखानं फिरवला. “हा एकच धरणार होय मालक? मग एका बाजूला रेटणार की हो. सेंटर कसं राहील?” मी त्यांना काही सांगण्याआधीच त्यांनी मुद्द्यावर बोट ठेवलं होतं. जुन्या दुर्बिणीत सैल भोक आणि एक स्क्रू ही जोडी फार वाईट. स्क्रू आवळला की आयपीस पलीकडच्या भिंतीला टेकतो आणि जरासा तिरका होतो. अर्धा मिलिमीटर सरकला तर ७०० मिलिमीटरच्या नाभीय अंतराला चित्र अडीच कला सरकतं. चार मिलिमीटरच्या आयपीसमध्ये ते सबंध चौकटीच्या पाव भागाएवढं. आणि तिरकं बसलं की चौकटीच्या एका बाजूला फोकस येतो, दुसऱ्या बाजूला जातो. माणूस चाक फिरवत बसतो, त्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही. अण्णांनी खडूनं फरशीवर आकृती काढली: आत पितळेचं एक चिरलेलं कडं, स्क्रू त्या कड्यावर दाबणार आणि कडं आयपीसला चारी बाजूंनी कवटाळणार. महागड्या दुर्बिणींच्या फोकसरमध्ये, म्हणजे आयपीस आत-बाहेर सरकवणाऱ्या भागात, हेच असतं, आणि त्यांनी तसला फोकसर कधी पाहिलेलाही नव्हता. “मागाच्या शाफ्टला असंच करतो. स्क्रूचा घाव लागला की शाफ्ट गेला.”

त्यांनी पितळेचा रॉड चकमध्ये लावला. बोरिंगचं टूल आत शिरलं आणि पिवळ्या वेटोळ्यांची रास खाली पडायला लागली. गरम पितळेचा आणि तेलाचा वास त्या पत्र्याच्या शेडमध्ये भरून राहिला होता. ते दर थोड्या वेळानं लेथ थांबवायचे, फडक्यानं आतून पुसायचे, आयपीस सरकवून बघायचे. शेवटी तो स्वतःच्या वजनानं, हवेला बाहेर ढकलत, सावकाश आत उतरला तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दोनच गोष्टी मागितल्या. एक, ॲडॅप्टर जमेल तितका आखूड हवा, कारण त्याच्या लांबीएवढा फोकसर आत घ्यावा लागतो आणि जुन्या दुर्बिणीत आत जायला जागा थोडी असते. दुसरं, आतून चकाकी नको. गुळगुळीत पितळेवरून तिरका उजेड परावर्तित होतो आणि काळ्या आकाशाचं राखाडी करतो. “रंग मारा नुसता, पुरे होतंय,” असं आधी म्हणाले. मग थोडं थांबून त्यांनी आतून बारीक आटे पाडले, म्हणजे रंग धरेलही आणि उजेड पुढे जाणारही नाही. त्यावर आम्ही मॅट काळा मारला.

गच्चीवर लगेच लावून उपयोग नव्हता. दिवसभर तापलेली स्लॅब संध्याकाळी उष्णता सोडते आणि दुर्बिणीसमोरची हवा उकळत राहते. तेव्हा कुठलाही आयपीस लावा, ग्रह नाचतच राहणार. आमच्या सोलापूरच्या कोरड्या हवेचा फायदा मिळतो तो रात्र चढल्यावर. मी दुर्बीण संध्याकाळीच बाहेर ठेवली, नळी थंड होऊ दिली. आधी एक ठळक तारा धरला आणि फोकस किंचित घालवला. मध्ये ठिपका, भोवती सारख्या जाडीची वर्तुळं. वर्तुळं एका बाजूला कललेली असती तर आणखी कुठेतरी काम निघालं असतं. मग दहाच्या पुढे मुलीला हाक मारली. ती स्वेटर घालून, आईला “पाचच मिनिटं” सांगून वर आली.

ती काहीच बोलली नाही. मिनिटभरानं एक हात पाठीमागून सुटला आणि तिनं स्वतःच फोकसचं चाक जरासं फिरवलं, परत आणलं. “काका, दोन पट्टे आहेत. एक जाड आहे.” मग, “वरून-खालून चेपलाय का हो तो?” मी गप्पच. गुरू दहा तासांपेक्षाही कमी वेळात स्वतःभोवती फिरतो आणि म्हणून ध्रुवांशी चपटा असतो, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. शेवटी तिनं विचारलं, “तीनच चांदण्या कशा? काल चार होत्या म्हणाला होतात.” चौथा त्याच्यामागे असेल किंवा त्याच्यासमोर, तू तासाभरानं बघ, म्हटलं. ती गेली नाही. आई दोनदा हाक मारून गेली, शेवटी स्वतःच वर आली आणि मग आईनंही डोळा लावला.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील जिन्यात भेटले. म्हणाले, एवढी गोडी लागली आहे तर मोठी दुर्बीण घेऊन टाकावी का, चांगली सहा इंची. मी नको म्हटलं. निदान वर्षभर तरी नको. आहे त्या भिंगातून चंद्राचे डोंगर, गुरूचे चंद्र, शुक्राच्या कला, मृगातला तेजोमेघ, जोडतारे, किती तरी बघायचं बाकी आहे, आणि हवं तर नान्नजच्या माळरानावर गावाच्या उजेडापासून लांब नेता येईल इतकी ती हलकी आहे. पैसे घालायचेच असतील तर आणखी एका चांगल्या आयपीसमध्ये घाला. सव्वा इंची घेतलेला आयपीस उद्या सहा इंची घेतलीत तरी तिच्यातही बसेल. दुर्बीण बदलते, तो बदलावा लागत नाही.

त्यांनी ३२ मिलिमीटरचा प्लोसल मागवला आहे. त्यातून २२ पट आणि सव्वादोन अंश आकाश, म्हणजे कृत्तिका सगळ्या एका चौकटीत. पण त्याच्या आतली चौकट २७ मिलिमीटरच्या आसपास रुंद, आणि आमच्या ॲडॅप्टरचा गळा त्याहून अरुंद. कडेच्या चांदण्या अंधारणार. त्यासाठी ते जुनं तोंडच काढून, फोकसरच्या नळीवर आट्यांनी बसेल असा नवा सव्वा इंची भाग करायला हवा. नळीचे आटे मोजून माप अण्णांना देऊन आलो आहे. पितळ जाड लागेल म्हणाले, आणि एका कारखान्याचे चार शाफ्ट आधी द्यायचेत, त्यानंतर हे काम.